निघताना काय म्हणता?

ठमीनं आजही खाल्लं नव्हतं. मावशींनी पिंजऱ्याचं दार उघडून वाटी बाहेर काढली. काल संध्याकाळचा मासा कडेनं वाळून वाटीला चिकटला होता, त्याला जिभेचं टोकसुद्धा लागलेलं नव्हतं. मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठमी बसली होती. पाठीची हाडं कातडीखालून एकेक दिसत होती.

"अगं बये, तू मला मारणार आहेस का?" मावशी म्हणाल्या. ठमीनं कान मागे पाडले, एवढंच.

मावशी म्हणजे शेल्टरच्या मावशी. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. डॉक्टर त्यांना मावशी म्हणत, मॅनेजरबाई मावशी म्हणत, आणि मांजर बघायला आलेलं परकं माणूसही निघेपर्यंत मावशी म्हणायला लागे. आधी त्या एका हॉस्पिटलात आया होत्या. माणसांची उस्तवार करून पाठ मोडली तेव्हा मांजरांची करायला आल्या. का आलात असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "माणसं बरी झाली की विसरतात. मांजरं बरी झाली की बोचकारतात. निदान ओळख तरी ठेवतात."

शेल्टर म्हणजे बाजारामागचं एक जुनं गोदाम. पुढे मोठा हॉल, त्यात सगळी धडधाकट मांजरं एकत्र, आणि मागे एक छोटी खोली. फिनेलचा वास, वर पत्रा, भिंतीला लागून लोखंडी पिंजरे आणि त्यांच्या कुरकुरणाऱ्या कड्या. आजारी आणि भेदरलेली मांजरं या खोलीत ठेवायची. ठमी भेदरलेल्यांपैकी होती. अंगानं चांगली गोलमटोल असताना आली होती, म्हणून तिचं नाव ठमी पडलं. आता त्या नावाकडे बघवत नव्हतं.

तिला एका बाईंच्या भाच्यानं आणलं होतं, मिक्सरच्या खोक्यात घालून. आपल्या मावशीला हॉस्पिटलात नेलं आणि ती तिथंच गेली, म्हणाला. मांजर अगदी माणसाळलेलं आहे, काही त्रास नाही. आणि खोकं टेबलावर ठेवून घड्याळाकडे बघायला लागला.

त्रास नाही कसला! शेल्टरनं ठमीला दोनदा घर मिळवून दिलं आणि दोन्ही घरांनी तिला परत आणून सोडलं. पहिलं घर गजबजलेलं होतं, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली की एवढ्या गोंधळात कसं राहील बिचारं. मग दुसरं घर शोधलं ते अगदी शांत. नवरा, बायको, दोघंही हळू बोलणारे. तिथं तर आणखी वाईट झालं. घरातलं कोणी बाहेर पडलं की ठमी दाराशी जाऊन बसायची, घसा बसेपर्यंत ओरडायची आणि मग दिवसभर अन्नाला शिवायची नाही. ती बायको परत द्यायला आली तेव्हा तिचे डोळे रडून सुजले होते. "आम्हाला मांजर हवं होतं हो," ती म्हणाली. "हिनं घरात सुतक आणलं."

तेव्हापासून ठमी मागच्या खोलीत होती आणि दिवसेंदिवस वाळत होती.

डॉक्टर तरुण होता आणि कमी बोलायचा. त्यानं सुईनं पाणी चढवलं, भूक लागायचं औषध दिलं, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. "हिला रोग नाही मावशी," तो म्हणाला. "हिला घर पाहिजे. अजिबात घाई न करणारं घर. आणि ते ताबडतोब पाहिजे." आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो कसनुसा हसला. मावशी हसल्या नाहीत.

त्यात मॅनेजरबाईंनी सांगितलं की सोमवारपासून ठमीला हॉलमध्ये हलवावं लागेल. गाडीखाली आलेल्या एका मांजरीची पिल्लं येणार होती, डोळेही न उघडलेली, त्यांना ही खोली हवी होती. मॅनेजरबाई काही दुष्ट नव्हत्या. सांगताना त्यांनी मावशींचा हात धरला होता.

"हॉलमध्ये ती टिकायची नाही, बाई," मावशी म्हणाल्या.

"मला कळतंय. पण पिल्लांना कुठं ठेवू? तुम्हीच सांगा."

मावशींनी तिला स्वतःच्या घरी न्यायचं तर नातवाला दमा. एकदा कपड्यांना चिकटून चार केस घरी गेले तर पोराची छाती भात्यासारखी वाजायला लागली होती. सून चांगली होती, एक अक्षर बोलली नाही, पण त्या दिवसापासून मावशी शेल्टरमध्येच कपडे बदलून, हातपाय घासून घरी जायच्या. तो रस्ता बंद होता.

मावशींचा रोजचा एक नेम होता. संध्याकाळी झाडलोट झाली, वाट्या भरल्या, की त्या एकेका पिंजऱ्यापाशी थांबून निरोप घ्यायच्या. "येते हं." ठमीच्या पिंजऱ्याच्या गजातून दोन बोटं आत घालायच्या आणि तिला जरा जास्तच लाडानं सांगायच्या, "येते हं ठमे. लगेच येते." आणि यायच्याही. ताप असो, घरी पाहुणे असोत, मावशींनी शेल्टरची सकाळ चुकवली नाही. येते म्हटलं की यायचं, हा त्यांचा हट्ट होता.

या हट्टामागची गोष्ट शेल्टरमध्ये कोणाला ठाऊक नव्हती, पण ती सांगायला हवी. मुलगा रांगत होता तेव्हाची. एका सकाळी नवऱ्यानं दारात बसून बुटाच्या नाड्या बांधल्या, "येतो गं" म्हणाला आणि गेला. अपघात नाही, आजार नाही, भांडणसुद्धा नाही. लांबच्या एका गावात त्यानं दुसरा संसार थाटलाय, हे मावशींना फार उशिरा एका ट्रकवाल्याकडून कळलं. तोवर त्या रोज त्याचं ताट झाकून ठेवत राहिल्या. शेजारणी म्हणायच्या, पुरे कर आता. मावशी म्हणायच्या, येतो म्हणून गेलेत ते. पुढे मुलगा कमावता झाला, त्यानंच एक दिवस ते ताट माळ्यावर टाकलं, पण मावशींच्या मनातून ते काही माळ्यावर गेलं नाही.

त्या आठवड्यात मावशींना सर्दी झाली आणि आवाज पार बसला. तोंड उघडलं तर नुसती हवा. संध्याकाळी त्यांनी ठमीच्या पिंजऱ्यात दोन बोटं घातली, ओठ हलवले, काही उमटलं नाही, तशाच निघून गेल्या.

सकाळी वाटी लख्ख होती.

मावशींना वाटलं, दुसऱ्या मांजराची वाटी चुकून इथं आली. पण नाही, ठमी वाटीशेजारी बसून पंजा चाटत होती. मावशींनी डॉक्टरचा दंड धरून त्याला ओढत आणलं. तो म्हणाला, औषध लागू पडलं. मावशी खुणेनं म्हणाल्या, मासा ताजा होता. दोघंही खुशीत होते. संध्याकाळपर्यंत मावशींचा घसा थोडा सुटला, आणि निघताना त्यांनी घोगऱ्या आवाजात, आनंदानं, सांगितलं, "येते हं ठमे. लगेच येते."

दुसऱ्या दिवशी वाटी भरलेली. तोंड भिंतीकडे.

मावशी पिंजऱ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. औषध तेच, मासा तोच, खोली तीच. मग कालच्यात आणि परवाच्यात फरक काय? परवा आपण मुक्यानंच निघालो होतो. त्या उठल्या आणि मॅनेजरबाईंच्या टेबलावरून ठमीला आणणाऱ्या भाच्याला फोन लावला.

"तुमच्या मावशीला हॉस्पिटलात नेलं तेव्हा तुम्ही होता का तिथं?"

"होतो की. मीच गाडी आणली होती. का?"

"मांजराला काही म्हणाल्या का त्या, निघताना?"

बहुतेक तो माणूस विचार करत होता की शेल्टरवाल्यांचं डोकं फिरलंय. "काय म्हणणार? सगळे म्हणतात तेच. उचलून घेतलं, नाकाला नाक लावलं, आणि येते हं म्हणाली. लगेच येते."

"मग?"

"मग काय? ते दाराशी बसून राहिलं. मी रोज खायला घालून यायचो. निघताना मीपण सांगायचो त्याला, की बाबा, येतो हं."

मावशींनी फोन ठेवला. टेबलावर दोन्ही हात टेकून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. ज्या शब्दानं ती बाई गेली, तोच शब्द त्या दोन्ही घरांनी रोज सकाळी ठमीला ऐकवला होता, प्रेमानं, दारात उभं राहून. आणि मावशींनी तर सगळ्यांत गोड आवाजात ऐकवला होता. रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं वाटी भरायची आणि स्वतःच्याच तोंडानं तिची भूक मारायची. माणसाला येते म्हणजे येते. ठमीला येते म्हणजे गेली.

आणि मावशींना माणसाचंही काही खरं वाटेना. तो मेला नवरा जातो म्हणून गेला असता, तर आपण चार दिवस छाती बडवली असती आणि पाचव्या दिवशी जेवायला बसलो असतो. एका शब्दापायी आपण निम्मं आयुष्य ताटावर झाकण ठेवून बसलो. त्यांना इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं.

मावशींनी सगळ्यांना बजावलं की मागच्या खोलीत तो शब्द काढायचा नाही. डॉक्टर हसला, पण पाळायचं म्हणाला. मॅनेजरबाई हो हो म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी दारातून डोकावून, "मी जरा बँकेत जाऊन येते हं मावशी," असं बोलून मोकळ्या झाल्या. वाटी तशीच राहिली. काय करणार, जिभेला वळणच तसं. आपल्यात जाते कोण म्हणतं? मावशी स्वतः तोंडावर पदर दाबल्यासारखा हात दाबून चोरासारख्या खोलीतून बाहेर पडायच्या. ठमी कधी थोडं खायची, कधी नाही. आणि सोमवारी तिला हॉलमध्ये न्यायचं होतं. तिथं तर दिवसभर लोक मांजरं बघायला येत आणि निघताना प्रत्येक जण एखाद्या मांजराला तेच सांगून जाई, येतो हं माऊ. त्यातला एकही परत येत नसे.

म्हणून मावशी घर शोधायला लागल्या. मांजर न्यायला जो येईल त्याला गाठून विचारायच्या, "निघताना काय म्हणता?"

"म्हणजे?"

"म्हणजे घरातून बाहेर पडताना. मागच्यांना काय सांगता?"

"येतो म्हणून सांगतो. आणखी काय सांगायचं?"

"जातो नाही म्हणत?"

यावर लोक दचकायचे. एका शिक्षिकाबाईंनी तर कानांवर हात ठेवले. "अहो मावशी, असं अभद्र कशाला बोलता? आमच्याकडे मुलं शाळेला निघताना जातो म्हणाली तर मी त्यांना परत घरात घेते आणि नीट बोलायला लावते." एका तरुणानं सांगितलं की ठीक आहे, मी नाही म्हणणार तो शब्द. मावशींचा जीव भांड्यात पडला. त्यानं ठमीला लांबून पाहिलं, तिनं फिसकारलं, तो म्हणाला, विचार करून सांगतो. आणि दारातून वळून हात हलवत म्हणाला, "येतो हं मावशी." मावशींनी कपाळावर हात मारून घेतला.

शनिवार उजाडला आणि हातात काही नव्हतं. मावशींच्या तोंडची चव गेली होती. सुनेनं विचारलं, आई, तुम्ही का जेवत नाही? मावशी म्हणाल्या, भूक नाही. आणि बोलल्यावर त्यांनाच वाटलं, हे मी कोणाचं ऐकून शिकले!

त्याच दिवशी पिंजऱ्यांच्या कड्या दुरुस्त करायला चावीवाला आला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं. सदा एरंडेल प्यायल्यासारखं तोंड, म्हणून सगळा बाजार त्याला एरंडेल म्हणायचा, तोंडावरही म्हणायचा, आणि तो ओ द्यायचा. मांजरांकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. कडी खोलायची, कानशीनं घासायची, तेलाचा थेंब सोडायचा, पुढची कडी. ठमीच्या पिंजऱ्यापाशी आला तेव्हा ती फिसकारली. तो थांबला, मागे सरकला, बाकीचे सगळे पिंजरे आधी उरकले आणि शेवटी परत तिच्यापाशी आला. तोवर ती दमली होती. त्यानं दोन बोटांनी कडी सोडवली, बसवली आणि हत्यारं पिशवीत भरली.

"जातो," तो म्हणाला.

"अहो, येतो म्हणावं!" मावशींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"कशाला? काम झालं. आता मी कशाला येतोय?" एरंडेल करवादला. "यायचं नाही तर येतो कशाला म्हणू? बहिणीकडेही हेच. मेव्हणा आजारी होता, त्याला बघून निघताना जातो म्हणालो, तर बहिणीनं बोलणं टाकलं. मेव्हणा ठणठणीत आहे अजून."

मावशींचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्या ठमीकडे बघत होत्या. दोघांच्या या वादात तो शब्द इतक्या वेळा आला की मावशींनी जीभ चावली होती. पण एरंडेल खेकसून बोलत होता आणि त्याच्या तोंडी त्या शब्दाला गोडीच नव्हती. तो पिशवी उचलून निघाला आणि जाता जाता पुन्हा म्हणाला, "जातो." ठमीनं भिंतीकडून मान वळवली, त्याची पाठ दाराबाहेर जाईपर्यंत पाहिली, आणि वाटीला तोंड लावलं.

मावशी धावल्या. फाटकापाशी त्यांनी त्याची पिशवीच धरली. "तुम्ही तिला घेऊन जा."

"कोणाला?"

"ठमीला. मांजरीला."

"मला मांजरं आवडत नाहीत."

"तिलाही माणसं आवडत नाहीत. जमेल तुमचं."

एरंडेलनं पिशवी ओढून बघितली. मावशींनी सोडली नाही. रस्त्यावरची माणसं बघायला लागली, बघू देत. मावशींनी त्याला सगळं सांगितलं, ती बाई, तो भाचा, ती दोन घरं, सोमवार. बोलता बोलता त्यांचा आवाज परत बसला. शेवटी त्या नुसत्या म्हणाल्या, "मी हात जोडते हो तुम्हाला." आणि पिशवी सोडून खरंच जोडले.

एरंडेल बराच वेळ फाटकाच्या कुलपाकडे बघत राहिला. "मी लाड करणार नाही," तो म्हणाला. "गोंजारणार नाही. नावानं हाक मारत बसणार नाही. खायला घालीन, तिच्या घाणीची माती बदलीन. ती वर्षभर कपाटामागं बसली तरी मी ओढून काढणार नाही. अडकलेल्या कुलपावर जोर केला की चावी आत मोडते."

"तेवढंच पाहिजे हो. बाकी काही नको."

"आणि तुम्ही बघायला यायचं नाही."

मावशींना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. "आठवड्यातून एकदा तरी?"

"एकदाही नाही. तुम्ही आलात की जाणार. गेलात की पुन्हा तेच सुरू. तुमचा तर आवाजही ती ओळखत असणार."

खोटं बोलला असता तर मावशी भांडल्या असत्या. त्यांनी मान डोलावली.

रविवारी दुपारी मावशी स्वतः टोपली घेऊन गेल्या. दुकानामागं एकच खोली होती. खाट, कपाट, स्टोव्ह, आणि खिडकीखाली काम करायचं बाक. भिंतीवर खिळ्यांना जुन्या चाव्यांचे जुडगे. टोपलीचं झाकण उघडल्याबरोबर ठमी बाणासारखी बाकाखाली घुसली आणि तिथल्या खोक्यांमागं दिसेनाशी झाली. एरंडेलनं खाली वाकूनही पाहिलं नाही. वाटी बाकाच्या पायाशी ठेवली, स्टुलावर बसला आणि कानस चालवायला लागला. खर्र, खर्र. मावशी खाटेच्या कडेला बसून राहिल्या. चहा विचारायचं त्याला सुचलं नाही आणि त्यांनाही नको होता.

उन्हाचा पट्टा खिडकीतून सरकत भिंतीवर गेला. खोक्यांमागून आधी मिशा दिसल्या, मग नाक. ठमीनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी तिच्याकडे न बघायचा प्रयत्न केला आणि तो त्यांना जमला नाही. कानस चालूच होती. ठमी पोट जमिनीला लावून वाटीपर्यंत आली आणि खायला लागली.

आता निघायला हवं होतं. मावशी उठल्या, दारात जाऊन चपला पायात सरकवल्या. इतक्या वर्षांची जीभ, ती आपली आपण वळली.

"ये..."

एरंडेलची कानस थांबली. बाकाखालचा आवाजही थांबला. ठमीनं मान वर करून दाराकडे पाहिलं, कान मागे पडायला लागले होते. मावशींनी दाराची चौकट घट्ट धरली. तोंडातला शब्द त्यांनी कसाबसा गिळला आणि जन्मात कधी, कोणालाही, म्हटला नव्हता तो दुसरा शब्द ओठांवर आणला. तो बोलताना त्यांना अशुभ वाटलं नाही. फक्त फार खरं वाटलं.

"जाते गं ठमे," त्या म्हणाल्या. "मी जाते."

"बरं. जा," एरंडेल म्हणाला.

मावशी बाहेर येऊन दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. आत काहीच आवाज नव्हता, आणि तो नसलेला आवाज त्या श्वास धरून ऐकत राहिल्या. मग कानस पुन्हा सुरू झाली. आणि जरा वेळानं, त्या खरखरीच्या खालून, वाटी फरशीवर सरकल्याचा आवाज आला. ठमी वाटी चाटत होती.